शिक्षकांच्या संशोधनाला फेलोशिपचे बळ कधी?

मराठी माध्यमाच्या शाळेत दाखल झालेले माडिया मूल पहिलीचे वर्ष जवळजवळ गप्प राहून का काढते, मोहफुलांच्या हंगामात वर्ग एकाएकी रिकामा का होतो, दिवाळीच्या सुटीत घरी गेलेली आश्रमशाळेतील मुलगी परत का येत नाही, हे प्रश्न चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील शिक्षकांना नवे नाहीत. त्यांची उत्तरे शोधण्याचे काम मात्र बहुधा बाहेरून आलेल्या अभ्यासकांकडे जाते. ते प्रश्नावली घेऊन येतात, आठवडा-दोन आठवडे राहतात आणि प्रबंध घेऊन परततात. प्रश्न ज्याच्या वर्गात रोज उभा आहे, त्या शिक्षकालाच त्यावर पीएच.डी. करता यावी, त्यासाठी पगाराला धक्का न लागता वेळ आणि पैसा मिळावा, ही कल्पना काही देशांत योजनेच्या रूपाने अमलात आली. आपल्याकडे तिचे तुकडे निरनिराळ्या नियमांत विखुरलेले आहेत. ते एकत्र ठेवून पाहिले, तर वाट कोठवर जाते आणि कोठे अडते हे स्पष्ट होते.

विद्यापीठ जवळ आले

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा पुढील तीन दशके उच्च शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठावरच अवलंबून होता. भामरागडच्या शिक्षकाला जिल्ह्याचे ठिकाण गाठण्यासाठीच सुमारे १८० किलोमीटर अंतर कापावे लागते, नागपूर त्याच्याही पलीकडे. २०११ साली गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आले. मार्गदर्शकाला भेटण्यासाठी एक रजा खर्ची घालायची की तीन, हा फरक नोकरी करणाऱ्या संशोधकासाठी लहान नसतो.

दोन्ही जिल्ह्यांत जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहेत. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जन्मलेल्या या संस्थांकडे शिक्षक प्रशिक्षणाबरोबरच कृतिसंशोधनाचीही जबाबदारी सोपविण्यात आली. त्यामुळे 'संशोधन' हा शब्द शिक्षकांना अपरिचित नाही. डी.एड. आणि बी.एड. करताना प्रत्येकाने एक तरी कृतिसंशोधन लिहून दिलेले असते. अनेकदा ते मागील वर्षाच्या वहीवरून उतरवलेलेही असते, हा भाग वेगळा.

कृतिसंशोधन आणि पीएच.डी.

कृतिसंशोधनाची संकल्पना कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात मांडली. अमेरिकेतील स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये ती शाळेच्या कामकाजाशी जोडली, तर इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाऊस यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात शिक्षक हाच संशोधक असावा, असा आग्रह धरला. सूत्र सोपे आहे. आपल्या वर्गातील अडचण नेमकी ठरवायची, उपाय योजायचा, त्याचा परिणाम नोंदवायचा आणि त्यानुसार उपाय बदलायचा. त्याचे उत्तर त्या वर्गापुरते असते. अन्यत्र ते लागू पडेलच, असा दावा नसतो.

पीएच.डी.चे मोजमाप निराळे आहे. तेथे प्रश्नावर आधी झालेले काम माहीत असावे लागते, पद्धत दुसऱ्याला तपासता येईल अशी लागते आणि हाती आलेल्या निष्कर्षाने ज्ञानात भर पडली हे परीक्षकांना पटावे लागते. एका शाळेचा प्रश्न या पातळीवर नेता येतो काय? फलटणचे उदाहरण येथे बोलके आहे. मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या मराठी बोलीवर भाषाशास्त्राचा प्रबंध सिद्ध केला आणि १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. पुढे त्याच गावात त्यांनी वंचित मुलांच्या वाचन-लेखनाचे काम उभे केले आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली. मुले घरी कोणती भाषा बोलतात याचा शास्त्रीय अभ्यास आणि त्यांना वाचायला शिकविण्याची पद्धत या दोन गोष्टी तेथे एकाच व्यक्तीच्या कामात जुळून आल्या.

पदवीविनाही असे शोध महाराष्ट्रात लागले आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. १९५७ पासून ते कोसबाडला बहरले. वारली मुले शाळेत का येत नाहीत, याचे उत्तर त्यांना वर्गात न मिळता कुरणात मिळाले. मुले गुरांमागे होती. त्यातून गुरे राखणाऱ्या मुलांपर्यंत पोहोचणारी कुरणशाळा जन्माला आली.

प्रश्नांची कमतरता नाही

२०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीची लोकसंख्या १० लाख ७२ हजार ९४२ असून त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८.७ टक्के आहे. महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल आदिवासी समूहांपैकी माडिया गोंड हा गडचिरोलीत, तर कोलाम समाज चंद्रपूरच्या जिवती-राजुरा-कोरपना पट्ट्यातही आढळतो. गोंडी, माडिया आणि कोलामी या द्राविड कुळातील भाषा होत. त्याखेरीज सिरोंचा भागात तेलुगू, कोरची-कुरखेडा पट्ट्यात छत्तीसगढी, चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांतील निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली, तर दोन्ही जिल्ह्यांच्या मोठ्या भागात झाडीबोली ऐकू येते. पाठ्यपुस्तकातील मराठी या साऱ्यांपासून कमी-अधिक अंतरावर आहे.

भाषेचाच प्रश्न घेऊ. मराठीत तीन लिंगे आहेत. गोंडीत मुख्य भेद पुरुषवाचक आणि पुरुषेतर असा दुहेरी आहे. 'ती आली' आणि 'ते आले' यांत गोंधळणारे मूल बेफिकीर नसते. ते आपल्या मातृभाषेचा नियम इमानाने पाळत असते. उत्तरपत्रिकेवर मात्र दोन्हींना सारखीच लाल रेघ पडते. असे कोणते दोष मातृभाषेतून येतात आणि कोणते अभ्यासाअभावी, ते वर्षभरात कोणत्या क्रमाने कमी होतात, गोंडी जाणणारा शिक्षक असलेल्या वर्गात ते लवकर कमी होतात काय, या प्रश्नांची उत्तरे पहिलीच्या वर्गात रोज बसणारी व्यक्तीच सलग नोंदींतून देऊ शकते. महिन्यातून एकदा येणाऱ्या पाहुण्याला ते साधणारे नाही.

२०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या देशभरात सुमारे २९ लाख ८४ हजार होती. तरीही ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. घटनेच्या ३५०-क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयींचा आग्रह धरला आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत तोच पुरस्कार केला आहे. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू करून या प्रश्नाला स्वतःपुरते उत्तर दिले. अशा शाळेतील आणि शेजारच्या मराठी शाळेतील मुलांची प्रगती काही वर्षे शेजारी ठेवून तपासणे, हा एक भक्कम प्रबंधविषय आहे.

दुसरा मोठा विषय हजेरीचा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्याचे काम पहाटे सुरू होते आणि त्यात घरातील लहान हातही लागतात. नेमक्या याच काळात वार्षिक परीक्षा असतात. त्यानंतर तेंदूपानांचा हंगाम येतो. मिरची तोडणीसाठी तेलंगणात जाणाऱ्या कुटुंबांबरोबर काही मुलेही जातात. हजेरीपट हा दस्तऐवज प्रत्येक शाळेत वर्षानुवर्षे साठलेला आहे. तो हंगाम, पाऊस आणि मजुरी यांच्या नोंदींशी ताडून पाहण्याचे काम क्वचितच होते.

चंद्रपूर जिल्ह्यात वेगळीच भर पडते. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांत वाघ-बिबट्यांचा वावर शाळेच्या वाटेवर असतो. एखाद्या गावाजवळ हल्ला झाला की पुढचे काही दिवस दूरच्या शाळेत चालत जाणाऱ्या मुलींची हजेरी कोणती वाट धरते, पालक कोणाला आधी घरी ठेवतात, हा अभ्यास वनखात्यालाही उपयोगी पडेल.

स्थानिक प्रश्नाचा चिवट पाठपुरावा जगाच्या कामी येतो, याचे उदाहरण गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यांतील नवजात बालकांच्या मृत्यूंचा अभ्यास केला. गावातील प्रशिक्षित स्त्रीने घरीच द्यावयाच्या बालसेवेचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे ही पद्धत देशाच्या आरोग्य कार्यक्रमात आली. शिक्षणाच्या क्षेत्रात या तोडीचे काम या जिल्ह्यांतून अद्याप पुढे आलेले नाही.

फेलोशिप आहेत, पण कोणासाठी?

विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आणि वरिष्ठ टप्प्यात ४२ हजार रुपये इतकी झाली. अनुसूचित जमातींच्या संशोधकांसाठी केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप आहे. ती २००५-०६ मध्ये राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झाली आणि दरवर्षी ७५० जणांना देण्याची तिची तरतूद आहे. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या लक्ष्यगटातील पीएच.डी. संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. शिक्षण याच विषयाला वाहिलेली फेलोशिप म्हणजे एनसीईआरटीची. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या शैक्षणिक संशोधन व नवोपक्रम समितीमार्फत ही परिषद संशोधनाला अर्थसाह्य करते आणि शालेय शिक्षणाशी निगडित विषयांवरील डॉक्टरेटसाठी मोजक्या फेलोशिपही देत आली आहे.

अडचण अशी, की या साऱ्या योजना पूर्णवेळ संशोधकाला डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या आहेत. फेलोशिप घेणाऱ्याने त्या काळात दुसरी पगारी नोकरी करू नये, ही त्यांची स्वाभाविक अट. जिल्हा परिषदेच्या कायम शिक्षकाने घरातील कर्ता म्हणून फेलोशिपसाठी पगार सोडावा, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. शिवाय शाळा सोडून पूर्णवेळ संशोधन केले, तर स्वतःच्या वर्गात संशोधन करण्याचा मूळ हेतूच बाजूला पडतो.

महाविद्यालयीन अध्यापकांसाठी हा पेच कधीच सोडविण्यात आला होता. पंचवार्षिक योजनांच्या काळात आयोगाच्या अध्यापक विकास कार्यक्रमातून प्राध्यापकाला पीएच.डी.साठी पगारी रजा मिळे आणि त्याच्या जागी नेमलेल्या बदली अध्यापकाच्या वेतनाचा भार आयोग उचले. अनेक प्राध्यापकांचे प्रबंध या सोयीमुळे पुरे झाले. शाळेच्या शिक्षकासाठी याला समांतर योजना झाली नाही. डॉक्टरेटचा शिक्षक महाविद्यालयात शोभतो आणि प्राथमिक शाळेत तो चुकून आलेला असतो, असा जणू समज असावा. पदवीधर शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी या पदोन्नतीच्या पायऱ्यांवर पीएच.डी.ची अट नाही. त्यामुळे ती मिळविण्याची निकडही यंत्रणेला वाटत नाही.

अंशकालीन पीएच.डी.चा मार्ग

नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या आयोगाच्या पीएच.डी. विनियमांनी अंशकालीन संशोधनाला स्पष्ट मान्यता दिली. त्यासाठी नियुक्ती अधिकाऱ्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. उमेदवाराला अंशकालीन संशोधनाची परवानगी आहे, कर्तव्ये सांभाळून त्याला पुरेसा वेळ मिळू शकतो आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी त्याला कार्यमुक्त केले जाईल, या तीन गोष्टी त्यात नमूद असाव्या लागतात. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे असते. पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षे आणि कमाल सहा वर्षे असून महिला उमेदवारांना तसेच ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना दोन वर्षांची जादा सवलत आहे. दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने मिळविलेली पीएच.डी. ग्राह्य नाही. त्या जाहिरातींपासून शिक्षकांनी दूर राहावे.

पात्रतेसाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना त्यात पाच टक्के सूट आहे. डी.एड. करून नोकरीला लागलेले आणि पुढे बहिःस्थ किंवा मुक्त विद्यापीठातून एम.ए. झालेले शिक्षक येथवर पोहोचू शकतात. शिक्षणशास्त्रात नोंदणी करायची, तर एम.एड. किंवा शिक्षणशास्त्रातील एम.ए. असणे सोयीचे. मात्र मराठी, समाजशास्त्र, भूगोल या विषयांतूनही शाळेचा प्रश्न हाताळता येतो, हे ध्यानात घेतले जात नाही. बोलीचा अभ्यास मराठी विभागात आणि हंगामी स्थलांतराचा समाजशास्त्रात सहज सामावतो.

रजेचा प्रश्न उरतोच. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. साधारणतः एका वेळी १२ महिने आणि संपूर्ण सेवेत २४ महिने अशी तिची मर्यादा. कागदावर ही तरतूद चांगली दिसते. प्रत्यक्षात जंगलातील शाळा बहुधा द्विशिक्षकी असते. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. त्यांतील एक रजेवर गेला की पाच वर्ग एकट्यावर येतात. बदली शिक्षकाची व्यवस्था नसताना मुख्याध्यापकाने किंवा गटशिक्षणाधिकाऱ्याने शिफारस करताना हात आखडता घेतला, तर त्याला सर्वस्वी दोष देता येत नाही. त्यात जनगणना, निवडणूक आणि आपत्तीची कामे कायद्याच्या २७ व्या कलमानेच शिक्षकाकडे ठेवली आहेत.

बदली : संशोधनाचा अदृश्य शत्रू

या दोन जिल्ह्यांत आणखी एक गोष्ट आड येते. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांसाठी सर्वसाधारण आणि अवघड अशी क्षेत्रे ठरविली. अवघड क्षेत्रात तीन वर्षे सेवा केलेला शिक्षक सोयीच्या शाळेसाठी हक्क सांगू शकतो, असे ते धोरण. दुर्गम भागात खितपत पडणाऱ्या शिक्षकाला न्याय देणारे म्हणून ते योग्यच होते. परंतु माडिया बोली कानावर बसायलाच वर्ष-दोन वर्षे जातात. पीएच.डी.ची किमान मुदतही तीन वर्षांचीच. म्हणजे शिक्षक मुलांचे बोलणे समजू लागतो, त्याच सुमारास त्याचा बदलीचा अर्ज तयार होतो आणि त्याने जमविलेले शब्द, नोंदी, घरोघरची ओळख त्याच्याबरोबर निघून जाते. नवा शिक्षक पहिल्या धड्यापासून सुरुवात करतो. संशोधनासाठी नोंदणी केलेल्या शिक्षकाला, त्याची स्वतःची इच्छा असेल तर, प्रबंध पूर्ण होईतो त्याच शाळेत किंवा केंद्रात ठेवण्याची मुभा देणे ही बिनखर्चाची उपाययोजना आहे.

राज्यपालांच्या २०१४ च्या अधिसूचनेनुसार अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकांसह काही पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांतून भरण्याचे ठरले. ती भरती न्यायालयीन वादांत अडकत आली. तिचा संबंध येथे पोहोचतो. गोंडी घरात वाढलेला शिक्षक भाषेच्या संशोधनात इतरांपेक्षा दहा पावले पुढे असतो.

परदेशांत काय झाले?

नेदरलँड्सने २०११ मध्ये शिक्षकांसाठी डॉक्टरेट अनुदान सुरू केले. तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेमार्फत चालणाऱ्या या योजनेची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. निवड झालेला शिक्षक नोकरी सोडत नाही. त्याला पूर्ण कामाच्या ०.४ भागापर्यंत, म्हणजे आठवड्यातील साधारण दोन दिवस, कमाल पाच वर्षे शिकविण्यातून मोकळीक मिळते. उरलेले दिवस तो वर्गावर असतो. अनुदान शिक्षकाच्या खिशात न जाता शाळेकडे जाते, कारण त्या दोन दिवसांसाठी शाळेला दुसरा शिक्षक नेमायचा असतो. आपल्याकडील सर्व फेलोशिपचा हिशेब व्यक्तीच्या निर्वाहाभोवती फिरतो. तेथे तो रिकाम्या तासिकेभोवती फिरतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या द्विशिक्षकी शाळेला नेमकी याच हिशेबाची गरज आहे.

इंग्लंडमध्ये २००० ते २००३ या काळात शिक्षकांना स्वतःच्या वर्गातील संशोधनासाठी अडीच हजार पौंडांपर्यंतची शिष्यवृत्ती दिली जात होती. पदवीचा आग्रह नव्हता. शिक्षकांचा प्रतिसाद चांगला असूनही ती योजना तीन-चार वर्षांतच आटोपती घेण्यात आली.

आपलेच विद्यार्थी, आपलेच संशोधन

स्वतःच्या शाळेवर संशोधन करणाऱ्यापुढे एक नाजूक अडचण असते. गुण देणारा आणि निरीक्षण करणारा एकच. सरांनी विचारले म्हणून पालक हो म्हणतात, ती संमती खरी मानावी काय? आश्रमशाळेत पालक शंभर किलोमीटरवर असतात, तेथे हा प्रश्न अधिकच अवघड होतो. संमती पालकाच्या भाषेत समजावून घेणे, ग्रामसभेसमोर विषय ठेवणे, प्रबंधात मुलाचे आणि लहान पाड्याचे नाव न देणे, चाचणीचे गुण सहकाऱ्याकडून तपासून घेणे ही पथ्ये पाळावी लागतात. दुसरी अडचण वरिष्ठांची. शाळेतील उणिवांवर लिहिलेला प्रबंध ही आपल्याविरुद्धची तक्रार आहे, असे अधिकाऱ्याला वाटले, तर ना-हरकत प्रमाणपत्राचा कागद टेबलावरच राहतो. परवानगी मागतानाच विषयाचे टिपण सोबत जोडणे आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या अधिव्याख्यात्याला सल्लागार म्हणून सामील करून घेणे शहाणपणाचे ठरते.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी आजही हाताशी आहेत. देशातील विद्यापीठांचे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. आपल्या प्रश्नावर आधी कोणी काय केले, हे त्यासाठी नागपूरला न जाता कळते. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या नवोपक्रम स्पर्धेसाठी लिहिलेला अहवाल हा प्रबंधाच्या आराखड्याचा कच्चा खर्डा होऊ शकतो. विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेशाची अधिसूचना निघण्यापूर्वी किमान एक शैक्षणिक वर्ष वर्गातील नोंदी ठेवलेल्या असाव्यात. मुलाखतीत संशोधन मंडळापुढे विषय मांडताना तयार नोंदवही इतर कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा उपयोगी पडते. ना-हरकत प्रमाणपत्राचा अर्ज मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांच्यामार्फत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. आश्रमशाळेच्या शिक्षकांना तो आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयामार्फत पाठवावा लागतो. गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर आणि चिमूर येथे ही कार्यालये आहेत. प्रवासाला आणि सहीला लागणारे दिवस धरून हा अर्ज प्रवेश परीक्षेच्या बऱ्याच आधी दिलेला बरा.